भाऊसाहेबांच्या जिवाला धोका

भाऊसाहेब कान्हेरकरांना कोणीही मारणार नव्हतं, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख होतं. दुसऱ्या माणसाला बीपी असतं, गुडघे असतात, सुनेशी पटत नसतं. भाऊसाहेबांना यांतलं काही नव्हतं. त्यांना फक्त एक शत्रू हवा होता. तो खरा असायलाच पाहिजे असंही नाही, सरकारला दाखवण्यापुरता चालला असता. तेवढाही त्यांना मिळाला नाही.

परवा त्यांच्या घराच्या नव्या मालकाने फाटकावर कॅमेरा बसवला आणि मला त्यांची आठवण झाली. भाऊसाहेब आता मुलीकडे पुण्याला असतात. तिथे सोसायटीच्या दाराशी चार वॉचमन आहेत म्हणे, त्यामुळे बरे असतील. इथे हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, कांचघर भागात, त्यांचं घर आमच्या अगदी समोर होतं, गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून. मी इथल्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत नोकरी केली, काडतुसांच्या तपासणीत. समोर आलेलं काडतूस उचलायचं, फिरवून बघायचं, खोट दिसली की बाजूच्या लाल पेटीत टाकायचं, हे माझं काम. निवृत्त झाले तरी डोळ्याची सवय गेली नाही, आणि जिभेची तर मुळीच नाही. नवरा म्हणतो, तू माणसंसुद्धा तशीच बघतेस. बघते. भाऊसाहेबांना मी पहिल्याच वर्षी लाल पेटीत टाकलं होतं.

कधीकाळी त्यांचा पक्ष सत्तेत असताना ते कुठल्याशा मंडळाचे उपाध्यक्ष होते. त्या मंडळाने काय केलं, हे मी त्यांना दोनदा विचारलं. एकदा ते ‘योजना’ म्हणाले आणि दुसऱ्यांदा ‘आढावा’ म्हणाले. मंडळाबरोबर गाडी आली, गाडीवर लाल दिवा आला आणि मागे बंदूकवाला शिपाई आला, रामसजीवन. पुढे सरकार बदललं. मंडळ गेलं, सरकारी गाडी गेली, दिवा गेला. रामसजीवन मात्र राहिला, आणि तो कसा राहिला तेच तर सांगण्यासारखं आहे.

त्या सुमाराला एका निवडणुकीच्या सभेत गोहलपुरच्या लखन चौकसेने भाषण केलं. लखन म्हणजे लेथचं छोटं वर्कशॉप चालवणारा, भाऊसाहेबांच्या विरुद्ध पार्टीचा माणूस. तो माइकवरून म्हणाला, “कान्हेरकर का घर से निकलना बंद कर देंगे.” सभेत असं शंभरजण शंभर वेळा बोलतात आणि खाली उतरून चहा पितात. पण दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य छापून आलं. भाऊसाहेब तो पेपर घेऊन थेट पोलीस कचेरीत गेले आणि जिवाला धोका आहे म्हणून गनमॅन कायम करून आले. लोक पेन्शनवर म्हातारपण काढतात. भाऊसाहेबांनी त्या एका वाक्यावर काढलं.

त्यांचं घराबाहेर पडणं हा आमच्या गल्लीतला रोजचा खेळ होता. आधी रामसजीवन फाटकाबाहेर यायचा. उंच, सावळा, रीवाकडचा माणूस, मिशी जपलेली. तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. डावीकडे इस्त्रीवाल्याची गाडी असायची, उजवीकडे शुक्लाजींची गाय. दोघांकडून धोका नाही अशी खात्री झाली की तो मान हलवायचा. तोवर भाऊसाहेब दाराआड उभे असत. मान हलली की ते बाहेर यायचे आणि समोर पाहून एक हात वर करायचे, जणू पलीकडे गर्दी उभी आहे. पलीकडे मी असायची, कपडे वाळत घालत.

गाडी आता स्वतःची होती, पण तिचं दार ते स्वतः उघडत नसत. एकदा घरापाशी गाडी थांबली आणि रामसजीवनला इतकी घाईची लागली होती की तो दार न उघडताच आत पळाला. ड्रायव्हर किल्ली देऊन निघून गेला होता. भाऊसाहेब मे महिन्याच्या उन्हात, काचा लावून, मागच्या सीटवर बसून राहिले. शेवटी त्यांची बायको, मालतीवहिनी, कणकेच्या हाताने बाहेर आल्या आणि त्यांनी दार उघडलं. उतरताना भाऊसाहेब मला म्हणाले, “वहिनी, काहून हसून राहिल्या? हा सिक्युरिटीचा मामला आहे.”

सिक्युरिटीचा मामला हा त्यांच्या तोंडचा पालुपदासारखा शब्द होता. भाजीची पिशवी धरायची नाही, कारण हात मोकळे हवेत, सिक्युरिटीचा मामला. गॅसच्या रांगेत उभं राहायचं नाही, सिक्युरिटीचा मामला. माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला सगळ्यांच्या नंतर आले, सगळ्यांच्या आधी गेले आणि मधल्या वेळात दोनदा श्रीखंड घेतलं. तोही सिक्युरिटीचाच मामला असावा, कारण वाढायला रामसजीवन उठला होता.

सिहोऱ्याला त्यांच्या भाच्याचं लग्न झालं. त्या लग्नाचा अल्बम मी पाहिलाय. सप्तपदीत रामसजीवन आहे, अक्षतांत आहे, वधूवरांच्या खुर्च्यांमागे तर कार्बाइन छातीशी धरून उभा आहे. नवरीच्या बापाला बिचाऱ्याला वाटलं, मुलगी पळून जाऊ नये म्हणून मुलाकडच्यांनी माणूस ठेवलाय. त्याने मालतीवहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी तशी नाही हो.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातही तेच. पोरांचं नाटक होतं, मावळे प्रेक्षकांतून धावत रंगमंचावर जायचे होते. पहिल्या रांगेत भाऊसाहेब. लाकडी तलवारी घेऊन आठ-दहा मावळे ‘हर हर महादेव’ करत मागून आले, तर भाऊसाहेबांनी बसल्या जागी मान खाली घातली आणि रामसजीवनला खूण केली. त्याने दारातच मावळ्यांना थांबवून एकेकाची तलवार हातात घेऊन बघितली. तोपर्यंत गड कोणीतरी दुसऱ्यानेच घेतला असता.

खरं म्हणजे रामसजीवनचा निम्मा दिवस दूध, दळण, भाऊसाहेबांच्या तेव्हा इथे असलेल्या नातीला शिकवणीला सोडणं आणि आणणं यांत जायचा. बंदूक खांद्याला आणि कोथिंबीर पिशवीत. भाजी आणताना तो माझ्यासाठीही एक जुडी आणायचा. एका दुपारी आमच्या पायरीवर बसून तो बंदूक पुसत होता. त्याने मॅगझिन काढून त्यातली काडतुसं पायरीवर मांडली होती, आणि माझी नजर पडायची तिथेच पडली. पितळ हिरवं पडलं होतं. एका काडतुसाच्या बुडाला तर चक्क गंजाचा पोपडा.

“रामसजीवन, ही कधीची?” मी विचारलं.

“दीदी, जब से हम आए हैं तब से यही हैं.”

“चलेंगी नहीं ये.”

तो हसला. “हमको भी यही लगता है.”

मी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. संध्याकाळी फाटकाशी जाऊन भाऊसाहेबांना सांगितलं की तुमच्या गनमॅनची गोळी सुटणार नाही, बदलून मागा. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी देवाच्या मूर्तीचं वजन विचारलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “ती चालवायला थोडीच असते.”

एवढं खरं वाक्य भाऊसाहेबांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. देशभरात जितके गनमॅन जितक्या माणसांच्या मागे उभे आहेत, त्यांतल्या बऱ्याच बंदुकांचं सार त्यात आलं. खऱ्या मोठ्या माणसाला खरा धोका असतो, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला साधा ढेकूणही ओळखून चावत नाही, अशा माणसाच्या मागे माझ्या करातून बंदूक उभी करायची आणि वर तिने कोथिंबीर आणायची, याचा मला संताप यायचा. अजून येतो.

मग पोलीस कचेरीत एक तरुण बाई अधिकारी आल्या. कोणाकोणाला सरकारने बंदूकवाला दिलाय आणि त्याला खरंच धोका आहे का, हे बघायला दरवर्षी समिती बसायची. इतकी वर्षं ती चहा पिऊन उठायची. या बाईंनी भाऊसाहेबांना बोलावून त्यांचं ते जुनं कात्रण वाचलं आणि विचारलं, “सर, ये तो बहुत पुरानी बात है. इसके बाद कुछ हुआ?”

भाऊसाहेब तिथून तडक आमच्याकडे आले. कपाळावर घाम होता.

“म्हणते, इसके बाद कुछ हुआ? अरे बाई, गनमॅन होता म्हणून नाही झालं न!” ते खुर्चीत बसले. “महिनाअखेरपर्यंत नवीन काही असलं तर आणा म्हणते. नाहीतर काढून घेतील रामसजीवनला. आता तुम्ही दोघं विचार करा. मला कोण मारू शकतं?”

माझा नवरा भला माणूस. तो खरोखर विचार करायला लागला. “पाण्याच्या पाइपवरून तुमचं शुक्लाजींशी भांडण झालं होतं,” तो म्हणाला.

“शुक्लाजी?” भाऊसाहेब दुखावले. “अहो, ते माझ्या लेव्हलचे आहेत काय?”

“मग दूधवाला?”

भाऊसाहेब बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले. मला वाटतं त्या दुपारी त्यांनी आपलं सगळं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं. ज्यावरून कोणी दात धरावा असं त्यांनी काही केलं नव्हतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. इतक्या वर्षांच्या राजकारणात एकही माणूस त्यांच्यावर चिडला नव्हता. शेवटी ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “वहिनी, लखन चौकसेशी तुमची ओळख आहे न?”

होती. लखनच्या वर्कशॉपात पूर्वी आमच्या फॅक्टरीचं सुटं काम जायचं, तो मला दीदी म्हणायचा. मी कशाला जाईन, म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, ते बघायचा मोह मला आवरला नाही.

गोहलपुरच्या त्या गल्लीत गाडी शिरत नव्हती. रामसजीवन पुढे, मध्ये भाऊसाहेब, मागे मी, असे आम्ही चालत गेलो. लोखंडाच्या किसाचा वास, लेथची घरघर. लखन दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होता. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. भाऊसाहेबांना बघून तो उठायला लागला.

“काय बड्डे,” तो म्हणाला. बड्डे म्हणजे इथल्या बोलीत मोठा भाऊ. “आज इतै कैसे? बैठो, बैठो. दीदी, आप भी.” आणि माणूस पाठवून त्याने खोव्याची जलेबी मागवली.

जलेबी आली. भाऊसाहेबांनी रामसजीवनकडे पाहिलं, म्हणजे आधी तू खाऊन बघ. शत्रूच्या घरचं अन्न होतं ना. रामसजीवनने दोन खाल्ल्या, मग तिसरीही खाल्ली.

“लखन भैया,” भाऊसाहेबांनी सुरुवात केली, “आपने उस सभा में कहा था, याद है न?”

“कौन सी सभा?”

“वही. कि घर से निकलना बंद कर देंगे.”

“किसका?”

“मेरा!”

लखनला आठवेना. त्याने डोळे बारीक केले, चहा खाली ठेवला, आठवून पाहिलं. मग त्याने चक्क दोन्ही हात जोडले. “मैंने कहा था? अरे माफ करना भाऊसाहब. चुनाव में मुँह से कुछ भी निकल जाता है. आप इत्ते साल मन में रखे रहे?”

“माफी मत माँगिए!” भाऊसाहेब जवळजवळ ओरडले. “माफी का काम नहीं है. एक बार और कह दीजिए बस. चार लोगों के सामने. चौक में कहीं.”

लखनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं, समिती, महिनाअखेर, रामसजीवन. तो हसला, खोकला, परत हसला. डोळे पुसल्यावर मात्र त्याचा चेहरा साधा झाला. दोन नातू आहेत, छोटं काम आहे, या वयात पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोत, असं त्याने समजावून सांगितलं. आणि भाऊसाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “और आपको कोई काहे मारेगा? आप तो गऊ आदमी हैं.”

मागे रामसजीवन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

परतताना गाडीत, दमोह नाक्याच्या सिग्नलला, भाऊसाहेब म्हणाले, “वहिनी, इतका गोड बोलून राहिला, म्हणजे आतून काहीतरी शिजवून राहिला तो.” त्यांनी तसं समितीलाही सांगितलं म्हणे, की माझा शत्रू अचानक गोड बोलायला लागलाय, हेच धोक्याचं लक्षण आहे. त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि रामसजीवनला परत बोलावलं.

निरोप घ्यायला तो साध्या शर्टात आला. बंदूक जमा करून आला होता. मालतीवहिनींच्या पाया पडला, मग माझ्या. भाऊसाहेब दाराआड होते. त्यांनी आतूनच विचारलं, “रामसजीवन, एक बार चौक तक चलोगे?”

तो फाटकाबाहेर गेला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मान हलवली. भाऊसाहेब बाहेर आले आणि रिकाम्या हाताच्या त्या माणसाच्या मागून चौकापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचा राग आला.

त्यानंतर भाऊसाहेब घराबाहेर पडेनासे झाले. गनमॅनशिवाय आपल्याला कोणी पाहिलं तर काय, हा तो धसका. लखन चौकसेची धमकी अखेर खरी झाली, तीही त्याने बोट न उचलता. सकाळी ते कपडे करून दाराआड जाऊन उभे राहत. बाहेर मान हलवायला कोणी नसे. थोडा वेळ उभे राहून आत जात आणि पेपर उघडत. दूध, दळण, गॅस, सगळं मालतीवहिनींच्या अंगावर पडलं. बाई बोलायची नाही. एकदाच म्हणाली, “मी म्हणते चला जी माझ्यासोबत, नुसतं कोपऱ्यापर्यंत. तर म्हणतात, लोक पाहून राहिले असतील. कोण पाहून राहिलं, मला तर काही समजत नाही.”

तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या दिवशीही हा माणूस दाराआड. मी तिला रिक्षात बसवलं आणि परत फाटकापाशी आले.

“भाऊसाहेब, बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

“वहिनी, तुम्हाला समजत नाही, हा सिक्युरिटीचा...”

“तुम्हाला मारायला कोणी येणार नाही,” मी म्हटलं. “यायचंच असतं तर मीच आले असते.”

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्याच सुमाराला, गेल्या हिवाळ्यात, देशाचे एक बडे नेते परदेशी पाहुण्यांना घेऊन भेडाघाटचे संगमरवरी कडे दाखवायला यायचे होते. नेहमीच्या रस्त्याचं काम चालू म्हणून ताफा आमच्या रस्त्याने जाणार होता. इतकी वर्षं न बुजलेले खड्डे आठवड्यात बुजले. गटारांची झाकणं पक्की बंद केली. इस्त्रीवाल्याची गाडी हटवली. कुत्री उचलून नेली, शुक्लाजींच्या गायीला त्यांच्या भावाकडे पाठवलं. पाहुण्यांना भारत दाखवायचा होता, त्यामुळे रस्त्यावरून तो आधी काढून टाकला.

भाऊसाहेबांच्या अंगात जीव आला. जुन्या पदामुळे विमानतळावर स्वागताच्या रांगेत आपल्याला उभं करतील, असं त्यांनी धरलंच होतं. बंद गळ्याचा कोट काढला. इस्त्रीवाला नव्हता, म्हणून मालतीवहिनींनी हिरव्या पट्टीखालून एका डोळ्याने तो इस्त्री केला. पास काही आला नाही. आला तो एक हवालदार.

“घर में कितने लोग हैं?” त्याने विचारलं. “कोई हथियार? कोई किराएदार? कोई सनकी वगैरह तो नहीं?”

शेवटच्या प्रश्नाला मालतीवहिनी किंचित थांबल्या. मग नाही म्हणाल्या. हवालदाराने सांगितलं की घर मोक्याच्या जागी आहे, गच्चीवर आमचा माणूस राहील, तुम्ही लोक खाली, खिडक्या बंद.

त्या दिवशी मी खिडकी लावली, पण बोटभर फट ठेवली. समोरच्या गच्चीवर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस वळला आणि मी ओळखलं. रामसजीवन. बाहीवर एक फीत वाढली होती, मिशी पांढरी झाली होती. ड्यूटी कोणाची कुठे लागेल ते कोण सांगणार, त्याची नेमकी तिथे लागली होती. रस्त्याकडे त्याची पाठ होती. ताफ्यात कोण आहे ते त्याला बघायचं नव्हतं, गच्चीच्या दारातून कोण येतंय ते बघायचं होतं.

आणि त्या दारातून भाऊसाहेब आले. बंद गळ्याचा कोट, हातात चहाचा कप. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला.

“रामसजीवन!”

“साहब, नीचे जाइए.”

“अरे, मैं हूँ.”

“पहचान रहे हैं साहब,” रामसजीवन म्हणाला. आवाजात अदब होती, पण बंदुकीवरचा हात हलला नाही. “आप ही पर नजर रखने की ड्यूटी है.”

भाऊसाहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी कप दारातल्या पायरीवर ठेवला आणि एक पाऊल मागे जाऊन दाराआड उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तसे. रामसजीवन त्यांच्याकडे बघत होता, ते रामसजीवनकडे बघत होते. असे ते दोघं ताफा येईपर्यंत उभे. मग काळ्या गाड्या आल्या आणि गेल्या. आमचे बुजवलेले खड्डे कोणी पाहिलेसुद्धा नाहीत. खालून शिट्टी झाली. रामसजीवनने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि जुन्या सवयीने मान हलवली. भाऊसाहेब गच्चीवर पुढे आले आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून त्यांनी हात वर केला.

संध्याकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली. ते एकटेच, गल्ली ओलांडून आले होते, कोट तसाच अंगात.

“वहिनी, बघितलं न? रामसजीवन होता सकाळपासून. बंदूक घेऊन. एक मिनिट नजर नाही हटवली माझ्यावरून.”

माझ्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांचा राग, मालतीवहिनींचा तो डोळा, सगळं जिभेवर आलं.

“भाऊसाहेब, तो तुम्हाला नव्हता सांभाळत. तुम्ही त्या लोकांना काही कराल म्हणून तुमच्यावर पहारा होता. तुमच्यासाठी नाही, तुमच्यावर.”

बोलले आणि वाटलं, झालं, आता हा माणूस उद्या अंथरूण धरणार. पण भाऊसाहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसाला माझ्यापासून धोका आहे, असं सरकार समजून राहिलं?”



“अच्छा,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली. “अच्छा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. समोरचं दार उघडलं आणि भाऊसाहेब फाटकाबाहेर आले, हातात भाजीची पिशवी, मागे मालतीवहिनी. त्यांनी स्वतःच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि स्वतःच मान हलवून दमदार चालीने निघाले. माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की, वहिनी, जरा जपून राहा. शुक्लाजींची गाय परत आली होती, रस्त्याच्या मधोमध उभी. ती काही हलली नाही. भाऊसाहेबच तिला वळसा घालून गेले.